खांद्यात इंजेक्शन देऊन एमआरआय: इंदूरमध्ये कोणी केलाय का? तयारी काय करायची?

गीताभवनवाली
नमस्कार मंडळी. मुलगा १९ वर्षांचा आहे, लहानपणापासून मल्लखांब करतो आणि उजवा खांदा सारखा निखळतो. पहिल्यांदा निखळला तेव्हा एमवाय हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेऊन बसवून घेतला होता, तेव्हा वाटलं झालं बरं, पण आता तर झोपेत कूस बदलली तरी सरकतो, आणि आता ह्याला स्वतःलाच परत बसवता यायला लागलाय त्यामुळे आम्हाला सांगतही नाही. मागच्या वर्षी साधा एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये लॅब्रममध्ये फट असण्याची शक्यता, क्लिनिकली कोरिलेट करा असं मोघम काहीतरी. आता नवीन ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी पर्चीवर एमआर आर्थ्रोग्राम लिहून दिलाय. सेंटरला फोन केला तर तिथली मुलगी घाईघाईत म्हणाली की आधी सांध्यात डाय टाकतात मग मशीनमध्ये घेतात, चार तास उपाशी या आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून आणा, बस्स. रंगपंचमीच्या आदल्या दिवशीची तारीख दिलीये.
एक तर परत एमआरआय का, एकदा झालाय नं? आणि ती सुई किती मोठी असते, किती दुखतं? पोरगा खांबावर उलटा लटकतो पण इंजेक्शन म्हटलं की पांढरा पडतो. सासूबाई तर म्हणून राहिल्या आहेत की सांध्यात सुई टाकली की सांधा कायमचा धरतो. कोणी करून घेतला असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

मालवी_सेव
आधी त्याला खांबावरून खाली उतरवा यार. बाकी माहीतगार लोक येतीलच.

चुंबकघर_बडोदा
ताई, मी बडोद्याला एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या. पण हे काम रोजचं आहे म्हणून लिहितो.
परत का? तर खांद्याची खोबण फार उथळ असते, तिच्या कडेला गोल कूर्चेची किनार असते तिला लॅब्रम म्हणतात, आणि खांदा पुढच्या बाजूला निखळला की बहुतेक वेळा हीच किनार खालून-पुढून उचकटते. साध्या एमआरआयमध्ये सांध्याचं आवरण चपटं पडलेलं असतं, किनार हाडाला चिकटून बसलेली दिसते, फाटलीय की नाही ते नक्की सांगता येत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्याशिवाय पंक्चर सापडत नाही, तसं आहे. आत १०-१५ मिली पाणी भरलं की आवरण फुगतं, किनार सुटी होते आणि जिथे फट असेल तिथे ते पाणी शिरतं आणि फोटोत पांढरं चमकतं. त्यावरून सर्जनला ऑपरेशन दुर्बिणीने होईल की हाडाचा तुकडा बसवावा लागेल हे ठरवायला मदत होते. म्हणजे पैसे उगाच घालवायला लिहिलेलं नाही.
त्या पाण्यात काय असतं: मुख्यतः सलाईन, त्यात गॅडोलिनियमचा अगदी थेंबभर डाय, साधारण २०० ला १ असा पातळ केलेला, थोडा आयोडीनवाला डाय म्हणजे एक्स-रेवर सुई कुठे आहे ते दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी बधिर करायचं औषध. मिश्रण रेडिओलॉजिस्ट स्वतः बनवतात. हवेचा बुडबुडा जाऊ नये म्हणून सिरिंज आणि नळी नीट तपासतात, कारण आत बुडबुडा गेला तर फोटोत तो सुटा पडलेला हाडाचा तुकडा वाटतो आणि सगळा गोंधळ.
उपाशी राहण्याचं आणि क्रिएटिनिनचं म्हणाल तर मला वाटतं त्या मुलीने शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्टची (म्हणजे डायची) यादी वाचून दाखवली. सांध्यातल्या इंजेक्शनला सहसा उपाशी लागत नाही, उलट जो मुलगा सुईला घाबरतो त्याला रिकाम्या पोटी आणलं तर चक्कर येऊन टेबलावर आडवा होतो, हे मी भरपूर पाहिलंय. हलकं खाऊन, पाणी पिऊन आणा. पण गुंगीचं इंजेक्शन द्यायचं ठरलं असेल तर मात्र उपास पाळावाच लागतो, तेव्हा परत फोन करा आणि रिसेप्शनला नाही, रेडिओलॉजिस्टना किंवा एमआरआयच्या सिनियर टेक्निशियनला जोडून मागा. क्रिएटिनिन त्यांना हवंच असेल तर करून टाका, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.
आणि सगळ्यात आधी एक विचारा: इंजेक्शन आणि एमआरआय एकाच इमारतीत आहे का? बाकी सगळी तयारी नंतर.

लष्करवाला
वरच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडून शंभर लाईक. ग्वाल्हेरचा अनुभव सांगतो, नाव कोणाचंच घेत नाही. बायकोच्या खुब्याचा आर्थ्रोग्राम होता, इंजेक्शन एका क्लिनिकमध्ये सोनोग्राफीखाली दिलं आणि एमआरआय दुसऱ्या सेंटरवर, दोघांचं म्हणे टायअप होतं. मधे लग्नाची वरात, आणि तिकडे पोचल्यावर इमर्जन्सीचा पेशंट आत घेतलेला, आम्ही बाहेर बाकड्यावर. ती बिचारी पाय जड झाला म्हणून बसूनही राहू शकेना. नंबर लागेपर्यंत दीड तासाच्या वर गेलं आणि रिपोर्टमध्ये काय, तर सांध्यात कॉन्ट्रास्ट अपुरा, मर्यादित तपासणी. मग पैसे अर्धे परत द्या म्हटलं तर क्लिनिक म्हणे सेंटरला विचारा आणि सेंटर म्हणे क्लिनिकला विचारा. शेवटी तीच तपासणी दुसरीकडे पहिल्यापासून करावी लागली.

चुंबकघर_बडोदा
अगदी हेच. ते पाणी सांध्यात टिकत नाही, आतलं अस्तर हळूहळू शोषून घेतं. इंजेक्शननंतर अर्ध्या-पाऊण तासात स्कॅन सुरू व्हायला हवा, दीड तास गेला की धूसर व्हायला लागतं. म्हणून आमच्याकडे पेशंट सुईच्या टेबलावर जायच्या आधी आम्ही मशीन मोकळं करून ठेवतो. आणि मधल्या वेळात पोराला सांगा हात गरागरा फिरवू नको, आवरणातून पाणी बाहेर झिरपतं.

सुदामानगरकर
मी केलाय. डावा खांदा, बाइकवरून राऊच्या पुढे घसरलो होतो त्यानंतर. इंदूरमध्येच केला, एबी रोडवर, इंजेक्शन आणि मशीन दोन्ही एकाच मजल्यावर होतं तर ती कटकट झाली नाही.
काय होतं ते जसंच्या तसं सांगतो म्हणजे पोराला वाचून दाखवा. पाठीवर झोपवलं, तळवा छताकडे करून हात बाहेरच्या बाजूला वळवला आणि तळव्यावर वाळूची छोटी पिशवी ठेवली, म्हटलं ही कशाला, तर म्हणे हात आत वळू नये म्हणून. मग बेटाडिनने खांदा चांगला तीन-तीनदा पुसला, हिरवं कापड टाकलं मधे भोक असलेलं. आधी बारीक सुईने बधिर केलं, चटका बसतो, मुंगी चावल्याच्या वर नाही. नंतरची सुई लांब असते खरी पण बारीक असते आणि ती बघायची गरजच नाही, मान दुसरीकडे करा. मी मात्र सी-आर्मच्या, म्हणजे एक्स-रे मशीनच्या, स्क्रीनकडे बघत होतो. सुईचं टोक हाडाच्या गोळ्याला टेकलं तेव्हा दुखलं नाही, काहीतरी टक्क झाल्यासारखं वाटलं. मग डॉक्टरांनी थोडासा डाय सोडला तर टोकाशी काळा ठिपका जमला आणि तिथेच थांबला. ते म्हणाले नाही, अजून आत नाही. सुई जराशी फिरवली, परत सोडला आणि ह्यावेळी तो काळा रंग टोकाजवळ थांबलाच नाही, गोळ्याच्या कडेने सरसर पळत चंद्रकोर झाली. हं, आता आलो आत, असं म्हणून बाकीची सिरिंज भरली. तेव्हा खांदा आतून तटतटतो, फुगल्यासारखा, दुखणं असं नाही पण विचित्र वाटतं. टेबलावरचं सगळं काम एक चहा होईपर्यंत संपलं.
खरा त्रास मशीनमध्ये. पाऊण तास हलायचं नाही, आणि शेवटी एका पोझिशनमध्ये हात डोक्यामागे ठेवायला लावतात, उशीला हात घेऊन झोपतो तसा. माझा खांदा निखळणारा नव्हता तरी कळ लागली. ह्या पोराचं काय होईल ते बडोदेकरांना विचारा.

गीताभवनवाली
बाई गं. हात डोक्यामागे नेला की तो नक्की निखळणार. टी-शर्ट काढतानासुद्धा तो हात वर नेत नाही.

चुंबकघर_बडोदा
त्या पोझिशनला आम्ही एबर म्हणतो, हात बाजूला उचलून बाहेर वळवलेला. त्यात पुढची-खालची किनार ताणली जाते आणि जी फट एरवी मिटून बसते ती उघडते, म्हणून मागतात. पण तुमच्या मुलासारख्याला जबरदस्ती करत नाहीत. आधीच सांगून ठेवा की हात वर नेला की निखळायची भीती वाटते. जमलं तर कमी उचलून, उशी लावून, मोजकेच फोटो घेतात, नाहीतर सोडून देतात, बाकीच्या फोटोंवर बहुतेक काम भागतं. हातात रबरी बोंडलं देतात, दाबलं की आम्ही थांबतो. मशीनच्या आत खांदा निखळला तर बोंडलं दाबायचं, स्वतः बसवायला जायचं नाही, हे त्याला खास सांगा कारण तो तेच करेल.

आयुर्जीवन_इंदौर
ताई हे सगळं करण्याआधी विचार करा. गॅडोलिनियम हा जड धातू आहे, किडनी खलास करतो आणि मेंदूत जाऊन बसतो, युरोपात बंदी आहे. आमच्या ओळखीत हाडवैद्य आहेत, मालिश करून खांदा बांधतात, दोन महिन्यात बरा.

ज्योत्स्ना_रामबाग
अहो असं एका वाक्यात घाबरवू नका. मी एका लॅबमध्ये फार्मासिस्ट आहे, नीट सांगते. ज्या किडनीच्या पेशंटना गॅडोलिनियममुळे त्वचा कडक होण्याचा तो भयंकर आजार झाला, त्यांना डाय शिरेतून दिला होता आणि किडन्या आधीच निकामी होत्या, २००६ च्या सुमारास हा संबंध लक्षात आला आणि तेव्हापासून क्रिएटिनिन बघायची पद्धत पक्की झाली. शिरेतून ६० किलोच्या माणसाला जवळजवळ १२ मिली डाय देतात. खांद्यात पण १२ मिलीच जातं पण ते २०० पट पातळ केलेलं. हिशोब तुम्हीच करा. युरोपात २०१७ मध्ये काही जुन्या प्रकारचे डाय शिरेतून देणं बंद केलं हे खरंय, पण त्याच निर्णयात सांध्यात द्यायचा पातळ डाय चालू ठेवला, कारण मात्रा इतकी कमी. शरीरात शोषला जातो तो जवळजवळ सगळा लघवीवाटे निघून जातो.
आणि वारंवार निखळणाऱ्या खांद्याला मालिश? फाटलेली किनार मालिशने कशी शिवली जाईल?

आयुर्जीवन_इंदौर
आमचं काम सांगायचं होतं. बाकी तुमची मर्जी.

आबा_टिळकनगर
ज्योत्स्ना बेटा छान समजावलंस. माझा एक उपप्रश्न. माझं वय ७४, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. माझ्याही खांद्याचं असंच काही निघालं तर गोळ्या किती दिवस आधी बंद कराव्या? आणि गीताभवनच्या ताईंना एक सांगतो. मागे माझा पाठीचा एमआरआय झाला तेव्हा त्या टेक्निशियन मुलाने सगळं काढायला लावलं, घड्याळ, दात, पट्टा, आणि मी ऐटीत आत निघालो तर त्याने जानव्याला बांधलेली तिजोरीची किल्ली पाहिली. दारातूनच मागे ओढलं बरं का! म्हणाला आबा, ही किल्ली आत उडाली असती.

चुंबकघर_बडोदा
आबा नमस्कार! किल्लीचा किस्सा आमच्या खात्यात अजरामर आहे, हर सेंटरला एक तरी आबा असतात 🙂
गोळ्या स्वतःहून एकही दिवस बंद करू नका. सांध्यातली सुई ही रक्तस्रावाचा धोका कमी असलेल्यांपैकी समजतात, बऱ्याचदा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच करतात, वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) बघून ठरवतात. स्टेंटवाल्याने गोळी आपल्या मनाने सोडली तर जो धोका आहे तो सुईच्या धोक्यापेक्षा फार मोठा आहे. हृदयाचे डॉक्टर सांगतील तेच. स्टेंट घातल्याचं कार्ड बरोबर ठेवा, स्टेंट असला तरी एमआरआय सहसा होतो, पण आम्हाला माहीत हवं.
धातूचं सगळ्यांसाठीच सांगतो कारण लोक फक्त सोनं काढतात आणि बाकी विसरतात. मशीन बंद आहे, आवाज येत नाही म्हणून चुंबक बंद नसतो, तो चोवीस तास चालू असतो. तेव्हा करदोटा, ताईत, हातातला कडा, जोडवी, मुरणी, ब्लाउजच्या आणि साडीच्या सेफ्टीपिना, केसांतले आकडे, सगळं घरीच ठेवून या. जरीचे काठ पण नको, खरी जर धातूचीच असते, गरम होऊ शकते. औषधाचा चिकटपट्टीवाला पॅच लावला असेल तर सांगा, काहींच्या मागे धातूचा पापुद्रा असतो. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र), मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला, वेल्डिंगचं किंवा लेथचं काम केलेलं, हे आत जायच्या आधी बोलायलाच हवं. मुलगी-बाई असेल आणि दिवस गेल्याची शंका असेल तर तेही, कारण सी-आर्म म्हणजे एक्स-रे.
आणि हो ताई, तुमच्या इंदुरात रंगपंचमी म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, गेर, म्हणजे ती रंगांची मिरवणूक, बघायला मी आलोय राजवाड्याला. तो चंदेरी आणि सोनेरी पक्का रंग असतो ना, त्यात धातूची पूड असते. अंगाला तो लागलेला पेशंट आम्ही आत घेत नाही. धुळवडीलाच लावला असेल तर घासून काढा.

ज्योत्स्ना_रामबाग
ॲलर्जीचं राहिलं. पूर्वी कुठल्या सीटी स्कॅनमध्ये डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला असं झालं असेल, दमा असेल, बधिर करायच्या औषधाने दातवाल्याकडे काही झालं असेल, तर ते पर्चीवर लिहूनच न्या. कोळंबी खाऊन पुरळ येतं म्हणून आयोडीनची ॲलर्जी आहे असं खूप जण सांगतात, त्या दोन्हीचा तसा संबंध नाही, पण तरी सांगून टाका, डॉक्टर ठरवतील. डायबिटीसवाल्यांनी विचारावं की सुईत स्टेरॉइड पण टाकणार आहात का. नुसत्या डायने साखर वाढत नाही, स्टेरॉइड असेल तर काही दिवस वर राहते.

गीताभवनवाली
सगळ्यांचे खूप आभार. मुलाला सुदामानगरकरांचं वाचून दाखवलं, चंद्रकोर ऐकून म्हणाला मला स्क्रीन दिसेल अशी बाजू द्यायला सांग. म्हणजे भीती थोडी गेली.
एक विचारायचं राहिलं. खांबाला एरंडेल लावतात आणि त्यावर खांद्याची, काखेची कातडी घासून घासून सोलवटते. आत्ता त्याच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला चांगलं रुपयाएवढं सोललंय आणि शेजारी एक पिकलेला फोड आहे. हे चालेल का?

चुंबकघर_बडोदा
नाही चालणार! बरं झालं विचारलंत. सुई नेमकी पुढूनच जाते. त्वचेवर जखम, फोड, पुरळ असेल तर तिथले जंतू सुईबरोबर सांध्यात जाऊ शकतात. सांध्यात इन्फेक्शन होणं फार दुर्मिळ आहे पण झालं तर ऑपरेशन करून धुवावा लागतो. तुमच्या सासूबाईंनी सांधा धरण्याचं जे ऐकलं असेल ते अशाच कुठल्या केसचं असणार, एरवी सुईने सांधा धरत नाही. आजच सेंटरला फोटो पाठवा. पुढे ढकलतील. रेडिओलॉजिस्टने तिथेच बघून परत पाठवण्यापेक्षा हे बरं. तोवर खांब बंद, एरंडेल बंद.

मालवी_सेव
मी पहिल्याच कमेंटमध्ये काय म्हटलं होतं 😎

गीताभवनवाली
सेंटरला फोटो पाठवला, रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन केला. फोड पूर्ण बसेपर्यंत नाही म्हणाल्या, रंगपंचमी झाल्यानंतरची तारीख दिली. दोन्ही कामं एकाच मजल्यावर आहेत, मशीन त्याच्यासाठी रिकामं ठेवतील. उपाशी नको, क्रिएटिनिन नको, हे पण त्यांनीच सांगितलं. जुना एमआरआय फिल्मसकट मागवलाय. पैशाचं पण सगळं मिळून किती ते विचारून घेतलं, कारण आधी सांगितलेल्या आकड्यात सुई, डाय आणि सी-आर्म धरलेलंच नव्हतं, नुसत्या मशीनचे पैसे होते.

लष्करवाला
लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर. आणि मेडिक्लेम असेल तर बिल आणि डॉक्टरची पर्ची जपून ठेवा. ऑपरेशन ठरलं तर भरती व्हायच्या आधीच्या तपासण्यांचे पैसे आमच्या पॉलिसीत ३० दिवसांपर्यंतचे मिळतात, तुमच्यात किती ते बघा.

सुदामानगरकर
अजून दोन बारीक गोष्टी. पुढून उघडणारा सैल शर्ट घालून न्या, चेनचा नको, बटणाचा किंवा नाडीचा, बटणं प्लास्टिकची. परत येताना डोक्यावरून टी-शर्ट घालायची ताकद नसते. आणि त्या दिवशी गाडी त्याला चालवू देऊ नका, स्कूटर तर नाहीच, मागे बसला तरी खड्डे लागतात. मी रिक्षाने आलो, रिक्षावाल्याला सांगितलं भिया हळू घे, खांद्यात पाणी भरलंय, तो पूर्ण रस्ता आरशात माझ्याकडेच बघत होता.

गीताभवनवाली
अपडेट. झालं एकदाचं. फोड बसला, कातडी आली, आणि सकाळी पोहे-जिलबी खाऊन गेलो. आत मला जाऊ दिलं नाही, काचेतून बघत होते. सुईच्या वेळी तो माझ्यापेक्षा शांत होता. स्क्रीन दिसली म्हणे, पहिल्याच फटक्यात चंद्रकोर झाली. मशीनमध्ये हात डोक्यामागे न्यायच्या वेळी टेक्निशियन मुलगा स्वतः आत आला, हळूहळू कोपर उचलून खाली दोन उशा लावल्या आणि जिथे त्याचा चेहरा बदलला तिथेच थांबला. तेवढ्यात मोजकेच फोटो घेतले. घरी आल्यावर रात्री जड वाटत होतं, हात हलवला की आतून डुबुक डुबुक आवाज, त्याला त्याची गंमत वाटत होती. पॅरासिटामॉल दिली, रुमालात बर्फ गुंडाळून शेकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठीक.
रिपोर्टमध्ये बॅन्कार्ट लीजन आणि हिल-सॅक्स असं आहे. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची.

आबा_टिळकनगर
शाब्बास. बॅन्कार्ट हे लंडनचे सर्जन, किनार उचकटण्याबद्दल त्यांनी १९२३ मध्ये लिहिलं. हिल आणि सॅक्स हे दोन अमेरिकन रेडिओलॉजिस्ट, १९४०. निखळताना हाडाचा गोळा खोबणीच्या कडेवर आपटतो आणि मागे खड्डा पडतो, तो त्यांच्या नावाचा. नातवाने शोधून दिलं, मी काही विद्वान नाही.

चुंबकघर_बडोदा
छान झालं ताई. डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीडी न्या. सर्जनला तो खड्डा किती मोठा, खोबणीचं हाड किती झिजलंय हे स्वतः फोटोत मोजायचं असतं, त्यावर ऑपरेशनचा प्रकार ठरतो, कधीकधी हाडासाठी वेगळा सीटी पण मागतात, तेव्हा तो लिहून दिला तर दचकू नका. सीडी घरच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडते का ते बघून घ्या, कोरी निघालेली पाहिलीये मी. पुढचे दोन-तीन दिवस ताप, खांदा लाल होणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं असं काही वाटलं तर वाट न बघता लगेच दाखवायचं. दुखणं आधीच उतरलंय म्हणजे बहुधा काही नाही.

गीताभवनवाली
सीडी उघडली, चालते. तो स्वतःच बसून एकेक फोटो बघून राहिलाय आणि मित्रांना पाठवतोय.

रंगवासा_रोड
धागा वाचला, फार उपयोगी. माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे आणि खांद्याचा कंडरा फाटलाय की काय ते बघायचंय. त्यांना हे करता येईल का?

चुंबकघर_बडोदा
पेसमेकर कुठला आहे त्यावर आहे. नवीन काही एमआरआय चालणारे असतात पण त्याला कार्ड, कंपनीचं सेटिंग, हृदयाचे डॉक्टर हजर असं सगळं लागतं आणि ते सगळीकडे करत नाहीत. नसेल जमत तर सीटी आर्थ्रोग्राम होतो. सुई तशीच, आत आयोडीनवाला डाय, मग सीटीत फोटो, चुंबकाचा प्रश्नच नाही आणि काम पण लवकर उरकतं. नुसता कंडरा पूर्ण फाटलाय का एवढंच बघायचं असेल तर कधी चांगल्या हाताची सोनोग्राफी पण पुरते, सुईची गरजच पडत नाही. ऑर्थोच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा. पेसमेकरचं कार्ड सापडतंय का ते आधी बघा, बहुतेकांच्या घरी ते हरवलेलं असतं.

रंगवासा_रोड
कार्ड सासूबाईंच्या कपाटात आहे म्हणे, पासबुकात घालून ठेवलेलं. उद्या फोटो काढून डॉक्टरांना पाठवते.